चिमणी म्हणजे दिवा

मी चौथी शिकलो. पाचवीच्या वर्गातही दोन महिने बसलो होतो, पण ते शिकण्यात धरत नाहीत. तरी हे सगळं मी माझ्या हातानं लिहून राहिलो. नात म्हणाली, "आबाजी, आप बोलते जाओ, मैं टाइप कर देती हूँ." मी नाही म्हटलं. माझं म्हणणं एकदा दुसऱ्याच्या हातानं लिहिलं गेलं होतं. त्याला पन्नास वर्षं होत आली आणि तेव्हा झालेला घोळ निस्तरता निस्तरता मी म्हातारा झालो. तीच चूक दुसऱ्यांदा करायला मी काही बी.ए. झालेलो नाही.

घोळ एका शब्दाचा आहे. शब्द चिमणी.

आमच्या घरी, म्हणजे रायपूरला आमच्या पाऱ्यात (वस्तीला तिथं पारा म्हणतात) आणि त्याआधी बापाच्या गावी भंडाऱ्याकडे, चिमणी म्हणजे रॉकेलचा लहान दिवा. औषधाची रिकामी बाटली, तिला टिनाचं झाकण, झाकणाला भोक, भोकात चिंधीची वात. छत्तीसगढी माणूसही त्याला चिमनीच म्हणतो. पुण्याकडच्या माणसासमोर चिमणी म्हटलं की तो खिडकीकडे पाहतो, पाखरू आलं काय म्हणून. आणि हिंदीवाला, इंग्रजीवाला कारखान्याच्या धुराड्याकडे पाहतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. माझं मागणं इतकंच होतं, की मी म्हटलेली चिमणी माझी धरा. ती धरली गेली नाही. ती धरली जावी म्हणून मी काय काय केलं ते सांगतो.

मी फौजेत होतो. फौज म्हटलं की लोक बंदुकीचं विचारतात. माझं काम ढकलायचं होतं. आसामातल्या एका विमानतळावरून मालवाहू विमान उडायचं. पुढे डोंगरात चौक्या होत्या, त्यांना रस्ता नव्हता. तांदूळ, डाळ, मीठ, रॉकेलचे डबे, कधी टोपलीत बांधलेला जिवंत बोकड, हे सगळं छत्रीला बांधून वरून टाकायचं. विमानाचं डाव्या अंगाचं मागचं दार काढूनच ठेवलेलं असायचं. आम्ही चार गडी कमरेला पट्टा बांधून त्या उघड्या दाराशी बसायचो. पुढून साहेबानं घंटी वाजवली की ढकला, परत वाजवली की थांबा. लग्नानंतर बायकोला हे मोठ्या ऐटीत सांगितलं. ती सातवी शिकलेली आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "म्हणजे हमाली. वरून."

तिचा तो "वरून" मी अजून विसरलो नाही.

पण दाराशी बसलेल्याला जे दिसतं ते पायलटलाही दिसत नाही. पायलटच्या समोर काच असते. माझ्या समोर काहीच नव्हतं.

त्या दिवशी दुसरी खेप उशिरा निघाली. डोंगरावर ढग इतके, की घंटी वाजलीच नाही. माल तसाच घेऊन परत फिरलो आणि वाटेत अंधार पडला. पुढे पायलटसाहेब होते. त्यांच्या मागे रस्ता सांगणारे साहेब, मांडीवर नकाशा, हातात पट्टी-पेन्सिल. हे मराठी होते, पुण्याचे. विमान कुठं आहे हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान्य करायचं, असा कायदा होता.

ढगाच्या फटीतून पुढच्यांना एक पिवळा उजेड दिसला. खाली नाही, वर नाही, अगदी आपल्याच उंचीवर. तो हलत नव्हता, पण मोठा होत होता. पायलटसाहेबांनी विमान उजवीकडे असं वळवलं की एक तांदळाचं पोतं माझ्या पायावर आलं. तो उजेड डाव्या अंगानं सरकत आला आणि माझ्या दारासमोरून गेला. पापणी लवायच्या आत गेला. पण मी पाहिला. ती चिमणी होती. मी चौथी तिच्याच उजेडात केली, मला ती ओळखू येणार नाही तर कोणाला येईल?

उतरल्यावर नियमाप्रमाणे विचारपूस झाली. एक बाबू टाइपराइटर घेऊन बसला. पायलटसाहेबांनी सांगितलं, अनोळखी उजेड, समोरून आला, डावीकडून गेला. पुण्याच्या साहेबांनी नकाशा पसरून सांगितलं, त्या वेळी आपण रुंद खोऱ्यावर होतो, तिथं इतका उंच डोंगर नाही, गाव नाही, म्हणजे उजेड आकाशातच होता. मग बाबू माझ्याकडे वळला.

"तुमने क्या देखा?"

"साब, चिमनी."

टकटक टकटक झालं, शब्द इंग्रजीत कागदावर गेला. पुण्याच्या साहेबांनी नकाशावरून मान वर केली आणि म्हणाले, "अरे, चिमण्या रात्री उडत नाहीत."

ज्यांना मराठी येत होतं ते हसले, ज्यांना येत नव्हतं ते विचारून हसले. त्या दिवसापासून पलटणीत माझं नाव चिमणी पडलं. मी सहा फूट उंच होतो. आजही फार काही उतरलेलो नाही.

महिन्याभरानं दूरचा एक मोठा साहेब आला, आकाशातल्या अनोळखी उजेडांची नोंद ठेवणारा, फक्त त्या उजेडासाठी. मला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेबानं मला खुर्ची दिली होती, तर मीही ठरवलं की जे विचारेल त्याचं पूर्ण उत्तर द्यायचं, माहीत नाही म्हणून हात वर करायचे नाहीत.

"चिमनी किस चीज़ की थी?"

"ऊपर टीन की, साब. नीचे काँच."

"धुआँ?"

"निकलता है साब, काला. बत्ती ऊँची करो तो ज़्यादा."

"लंबाई?"

मी हाताची वीत करून दाखवली. त्यांनी ती वीत लांबून डोळ्यासमोर धरून पाहिली, लांबून वीतभर तर जवळून केवढी असा काही हिशेब केला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग उठून माझा हात हातात घेतला. म्हणाले, असा साक्षीदार कमी मिळतो.

दोन दिवसांनी पुण्याच्या साहेबांनी मला बोलावून त्या साहेबानं काढलेलं चित्र दाखवलं. ढगांच्या मधोमध कारखान्याचं धुराडं तरंगत होतं. वरून काळा धूर, अंग लोखंडी, बुडाला काचेची खोली.

मी विचारलं, "हे काय आहे, साहेब?"

"तुझी चिमणी."

"साहेब, चिमणी म्हणजे दिवा. रॉकेलचा. वीतभर असतो."

साहेब हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी केली, परत उघडली, परत घडी केली. "कागद वर गेला आता," म्हणाले. "राहू दे."

राहू दे म्हटलं म्हणून मी राहू दिलं, पण मनातून नाही. आता कोणी म्हणेल, तू बाटलीचं आणि टिनाचं काहून सांगितलंस, एवढं काय तुला दिसलं होतं? नव्हतं दिसलं. मला चिमणी कशी असते ते विचारलं, मी चिमणी कशी असते ते सांगितलं. यात माझी चूक असेल तर ती खुर्चीची.

फौज सुटल्यावर मी रायपूरजवळ बीरगावला एका कारखान्याच्या गेटावर लागलो. नशीब कसं असतं ते पाहा, माझ्या खोलीच्या डोक्यावरच धुराडं. मी काही सांगायच्या आधीच माझी गोष्ट तिथं येऊन बसली होती, कोणी आणली देव जाणे. पाळी बदलताना कामगार वर पाहून विचारायचे, "भैया, आपकी वाली आज कितने बजे उड़ेगी?" मी प्रत्येकाला थांबवून सांगायचो, की ती चिमणी नव्हे, दिवा. लोकांना वाटायचं, मी आणखी एक नवीन गोष्ट सांगून राहिलो. घरी बायकोची वेगळीच तऱ्हा. चष्मा सापडत नसला की म्हणायची, "ह्यायले ढगातली चिमणी दिसते, नाकावरचा चष्मा नाही दिसत."

अशी वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात नात नवा रायपूरहून ऑफिस करून आली आणि मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. तिच्या ऑफिसजवळच्या एका सभागृहात व्याख्यान होतं. जाहिरातीवर हिंदीत लिहिलं होतं, आसमान में चिमनी, फ़ौजी उड़ान की आँखों देखी. खाली चित्र. तेच ढग, तेच धुराडं, आता रंगीत. बुडाच्या काचेच्या खोलीत त्यांनी हिरवा उजेडही घातला होता. आणि बोलणार कोण, तर पुण्याचे साहेब.

"आबाजी, ये आपकी वाली है ना?"

"माझी नाही," मी म्हटलं. "पण जायचं."

जायचं तर हात हलवत कसं जायचं? मी चिमणी घेऊन जायचं ठरवलं, म्हणजे कोणी मधे बोलायलाच नको. गोल बाज़ारात भांड्यांच्या चार दुकानांत विचारलं. तिघांनी स्वयंपाकघरात धूर ओढायची मशीन दाखवली, तिलाही आता चिमनी म्हणतात म्हणे, म्हणजे घोळात चौथा अर्थ शिरला. चौथ्या दुकानातला म्हातारा हसला आणि म्हणाला, "दादाजी, अब कौन जलाता है?" मग घरीच केली. बायकोच्या खोकल्याच्या औषधाची बाटली अर्धी भरली होती. मी ती धुऊन ठेवली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, फक्त खोकली. तेही जरा जास्तच.

झाकण टिनाच्या डब्याचं कापलं, खिळ्यानं भोक पाडलं, धोतराच्या काठाची वात केली. रॉकेल कुठं मिळालं नाही. रिकामी तर रिकामी. मग मी बोलायची तयारी करू लागलो. आंघोळीच्या वेळी, जेवताना, भाजी निवडताना, एकच वाक्य मोठ्यानं म्हणून पाहायचो. "मंडळी, मी चिमणी म्हटलं होतं, आणि चिमणी म्हणजे दिवा."

पाचव्या-सहाव्या दिवशी बायकोनं हातातली पालेभाजी खाली ठेवली.

"मले एक सांगा. चिमणी होती ना?"

"होती."

"मंग थे लावली कोणं? ढगात कोण बसलं होतं, अभ्यास करत?"

मी चिडलो. "ढगात कायले? डोंगरावर झोपडी असन."

"डोंगर होता काय तिथं?"

"नकाशात नव्हता."

"नकाशात डोंगर नव्हता, का तुमी नकाशात होते तिथं नव्हते?"

असं म्हणून तिनं भाजी परत हातात घेतली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. माझा तिथं सुरू झाला.

पन्नास वर्षं मी त्या शब्दामागे इतका लागलो होतो, की शब्दाच्या पलीकडे झोपडी आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चिमणी खरी, तर झोपडी खरी. झोपडी खरी, तर डोंगर खरा. आणि तो डोंगर माझ्या दारासमोरून गेला होता, आपल्याच उंचीवर. म्हणजे आम्ही खोऱ्यावर नव्हतोच, डोंगरात शिरलो होतो. पायलटसाहेबांनी उजवीकडे मान मोडून वळवलं नसतं, तर त्या झोपडीतल्या माणसाच्या जेवणात आम्ही बोकडासकट गेलो असतो. आणि विमान कुठं आहे हे सांगायचं काम कोणाचं होतं? पुण्याच्या साहेबांचं. त्या रात्री बाबूनं माझा शब्द नीट लिहिला असता, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातातून नकाशा काढून घेतला असता. आता मी माझी चिमणी खरी करायची, म्हणजे ऐंशीला टेकलेल्या माणसाला भर सभेत वाट चुकलेला ठरवायचं. न करावी, तर मी मरेपर्यंत धुराड्याचा साक्षीदार.

मी ओट्यावर जाऊन बसलो. बायको आतून म्हणाली, "मंग जाता का नाही?"

"जातो."

"अन् सांगता?"

"पाहू."

"पाहू म्हणजे सांगताच तुमी. मी काय आज ओळखून राहिली तुमाले?"

व्याख्यान दुपारी चारला होतं. नातीनं गाडी काढली. नवा रायपूरचे रस्ते इतके रुंद आहेत, की पलीकडून कोणी हाक मारली तर इकडे येईपर्यंत शिळी होते. सभागृहाच्या दाराशी वर्दीतला गार्ड होता. त्यानं माझी पिशवी उघडली. बाटली आणि बाटलीत चिंधी पाहून नात घाबरली, म्हणाली, "भैया, वो ऐसा कुछ नहीं है." गार्डनं बाटली नाकाशी नेली, उलटी केली, आणि त्याचा चेहरा एकदम घरचा झाला.

"चिमनी आय ना, बबा?"

"हव," मी म्हटलं.

"हमरो घर मा रिहिस," म्हणजे आमच्याही घरी होती, असं म्हणून त्यानं ती दोन्ही हातांनी पिशवीत परत ठेवली.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा एका वर्दीवाल्याला माझा शब्द न सांगता कळला होता. त्या पोराला तेव्हा साहेब केलं असतं तर एवढं पुराण झालंच नसतं.

साहेब आतल्या खोलीत बिनसाखरेचा चहा घेऊन बसले होते. केस गेलेले, हातात काठी, पण पाठ ताठ. माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, परत वर.

"चिमणी," म्हणाले. "अजून उडतोस?"

"तुमी उडवून राहिले साहेब मले. मी तर बीरगावच्या गेटावर होतो."

ते मोकळे हसले. मला शेजारची खुर्ची दाखवली. खुर्चीचा मला जुना अनुभव असल्यामुळे मी काठावरच बसलो. नात दाराशी उभी राहिली. मी पिशवीतून चिमणी काढली आणि त्यांच्या बशीशेजारी ठेवली. घरून पाठ करून आणलेलं वाक्य तोंडात आलं आणि परत गेलं.

साहेबांनी तिचं झाकण बोटानं फिरवून पाहिलं. "वात जाड झालीय," म्हणाले.

"तुमाले माहीत आहे चिमणी?"

"माझ्या आजोळी हीच होती. दोन होत्या. एक स्वयंपाकघरात, एक गोठ्यात."

"मंग त्या दिवशी पाखरू काहून म्हटलं?"

"चेष्टा केली. तू चिमणी म्हणालास तेव्हा मला आधी हीच दिसली होती डोळ्यांपुढे. म्हणूनच चेष्टा केली." त्यांनी चहाचा कप उचलला, प्यायले नाहीत, खाली ठेवला. "त्या रात्री खोलीवर जाऊन मी सगळं परत मांडलं. वारा धरायचा राहिला होता माझा. वारा आम्हांला सारखा एका बाजूला ढकलत होता आणि मी पट्टी लावून सरळ रेघ ओढत होतो."

त्यांनी बशी टेबलाच्या मधे ठेवली, ते खोरं. चिमणी उचलून लांब कडेला ठेवली, तो डोंगर. मग चमचा घेऊन बशीवरून निघाले आणि तो तिरपा तिरपा नेत चिमणीपाशी आणला.

"किती लांब होतो, साहेब?"

"तुला वात दिसली ना?"

"दिसली."

"मग तेवढेच."

बाहेर माइक तपासून राहिले होते, हॅलो हॅलो येत होतं.

"त्यानंतर वारा कधी विसरलो नाही," साहेब म्हणाले. "नोकरी संपेपर्यंत एकदाही नाही. पण सांगितलंही नाही. तू दिवा म्हणालास तेव्हा सांगायला हवं होतं. राहू दे म्हणालो."

"अन् हे धुराडं गावोगाव दाखवता ते?"

"मी नाही दाखवत, कार्यक्रम ठेवणारी मुलं दाखवतात. मी म्हणतो, तेव्हा आम्हांला ओळखता आलं नाही. ते खोटं नाही."

"अन् चिमणी?"

"चिमणी तू म्हणालास," ते म्हणाले आणि परत तसेच हसले. मग हसणं आवरून म्हणाले, "आज तुला वर बोलावतो. तुला जे सांगायचं ते सांग. दिवा म्हण, डोंगर म्हण, मी नाही म्हणणार नाही. एवढं देणं लागतो मी तुझं."

सभागृह भरलं होतं. सगळी कॉलेजची पोरं-पोरी, पुढे दोन ओळी आमच्यासारखे पांढरे. साहेबांनी चांगलं सांगितलं. उघडं दार, ढग, उजेड समोरून येतो, पायलट वळवतो. पोतं माझ्या पायावर पडलं तेही त्यांना आठवत होतं, जे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मागच्या पडद्यावर धुराडं तरंगत होतं. मग ते म्हणाले, "जिन्होंने सबसे पास से देखा, वे यहीं बैठे हैं," आणि माझ्याकडे हात केला.

मी वर गेलो. पिशवी हातात होती. माइक माझ्या छातीपाशी होता, कोणीतरी येऊन उंच केला. समोर नात मोबाइल धरून बसली होती. साहेब खुर्चीत बसले होते, काठीवर दोन्ही हात, आणि पाठ आता तेवढी ताठ नव्हती. मी पिशवीत हात घातला. बाटली हाताला लागली.

मी म्हटलं, "मेरे को पूछा था, क्या देखा. मैंने बोला था चिमनी. आज भी वही बोलता हूँ. चिमनी थी."

टाळ्या पडल्या. हात पिशवीतच होता. एक पोट्टी मागून उठली, चष्मेवाली, हुशार दिसत होती. तिनं विचारलं, "अंकल, आपको क्या लगता है, उसमें कौन था?"

बायकोचाच प्रश्न. मला वाटलं बायकोच तिथं येऊन बसली.

"कोई पढ़ रहा होगा, बेटी," मी म्हटलं.

सगळं सभागृह हसलं. दुसऱ्या ग्रहावरचे अभ्यास करून राहिले, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसले, बराच वेळ. मी बाटली पिशवीत सोडली आणि खाली उतरलो.

पण मी इतका भोळाही नाही. कार्यक्रम संपल्यावर साहेब म्हणाले, "ती चिमणी मला दे, आठवण म्हणून."

"नाही देत," मी म्हटलं. "आधी लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"जे तेव्हा बाबूनं लिहायचं होतं ते. लिहिण्यानं बिघडलं, लिहिण्यानंच दुरुस्त होईल."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. अजून पेन्सिलच वापरतात. व्याख्यानाची जाहिरात उलटी केली, धुराडं खाली गेलं, पांढरी बाजू वर आली. तिच्यावर त्यांनी सावकाश लिहिलं, आणि मी त्यांच्या खांद्यावरून अक्षर अक्षर लावून वाचलं. "चिमणी म्हणजे दिवा. साक्षीदार बरोबर होता. रस्ता माझा चुकला होता." खाली सही, सहीखाली हुद्दा.

चिमणी मी तरीही दिली नाही. म्हटलं, पुण्यात दुसरी करा, औषधाच्या बाटल्या तिकडे कमी नसतील.

घरी बायकोनं कागद दिव्याखाली धरून वाचला. दोनदा वाचला.

"आता हे कोणाले दाखवता?"

"कोणालेच नाही."

"बीरगावच्या लोकायले?"

"नाही."

"मंग पन्नास वर्षं माह्यं डोकं काहून खाल्लं?"

मी जेवायला वाढ म्हटलं. तिनं वाढलं. कागद मी गुंडाळी करून चिमणीच्या बाटलीत घातला आणि वर झाकण लावलं. ती देवाच्या फळीवर आहे. खोकला आला की बायको तिच्याकडे पाहते आणि मग माझ्याकडे.

आता कोणी म्हणेल, कोणालाच दाखवणार नव्हतास, मग हे लिहून काय राहिलास? तर गेल्या महिन्यात साहेबांचा फोन आला. म्हणाले, "तू लिही. आता माझं वय झालं, कोणी माझा नकाशा काढून नेणार नाही. फक्त नाव कोणाचं घालू नकोस, माझंही नाही आणि तुझंही नाही. आणि शुद्धलेखन नातीकडून तपासून घे."

नावं मी घातली नाहीत. तपासायला मात्र दिलं नाही. एक शब्द तेवढा विचारला, कारण इतकं सगळं त्याच्यापायी झालं, तर निदान त्याची वेलांटी चुकायला नको. नात मराठी शाळेत गेलेली नाही. तिनं मोबाइलात पाहून सांगितलं, चि पहिली, णी दुसरी.

तशीच लिहिली आहे. बाकी चुका असतील त्या माझ्या आहेत.